वायरवर आलेला आळ

१

पेंटरला स्ट्रेचरवरून आत नेलं तेव्हा तो चांगला बोलत होता. शिडीवरून पडला होता, डोक्याला मागे टेंगूळ आलं होतं, आणि तरी बहिणीला सांगत होता, "पाटीवरचं शेवटचं अक्षर राहिलंय गं, तेवढं उरकून येतो." दिवस मावळायच्या आत तो गेला.

डोक्याच्या आत रक्त साकळत होतं. स्कॅन लगेच झाला होता. पण स्कॅनचे फोटो तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर, ते वाचणाऱ्या डॉक्टरसाहेबांच्या कॉम्प्युटरवर पोचायला पाऊण तास लागला आणि ऑपरेशनला उशीर झाला, असं हॉस्पिटलने सांगितलं. मग चूक कोणाची? डॉक्टरांची नाही, नर्सची नाही, मशीनची नाही. चूक वायरची.

आणि वायर होती वायरबाईंची.

त्या हॉस्पिटलातली प्रत्येक वायर वायरबाईंनी स्वतःच्या हाताने ओढली होती. छतातून, भिंतीतून, जिन्याखालून. खरं नाव होतं काहीतरी, पण ते फक्त त्यांच्या सासूबाईंच्या लक्षात होतं. बाकी सगळ्या जगाला त्या वायरबाईच.

मॅनेजरसाहेबांचा फोन आला. "बाई, तुमचं नेटवर्क गोगलगायीसारखं चाललंय आणि इकडे माणूस गेला. उद्या या, तपासा, आणि दोष वायरचा होता असं लिहून द्या. विषय संपवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोचल्या तर फाटकापाशी पेंटरची बहीण उभी होती. रडून रडून चेहरा सुजलेला, पण आवाज कोरडा.

"तुम्हीच त्या वायरवाल्या ना? मला एकच सांगा. माझा भाऊ खरंच वायरीमुळे गेला का?"

वायरबाईंनी नजर चुकवली. कारण काही आठवड्यांपूर्वी त्यांना याच हॉस्पिटलातून एक फोन आला होता. दस्तुरखुद्द डॉक्टरसाहेबांचा. "तुमच्या लाइनमध्ये काहीतरी बिघाड आहे हो. फोटो अंधुक येतात." वायरबाई तेव्हा दुसऱ्या एका इमारतीच्या छतात अर्ध्या शिरल्या होत्या, तोंडात पकड धरलेली. "कॉम्प्युटर बंद करून चालू करा, साहेब," एवढं पुटपुटून त्यांनी फोन ठेवला होता. नंतर जाऊन बघायचं राहिलं ते राहिलंच.

"तपासते," त्या कशाबशा म्हणाल्या. "खरं काय ते तपासते आणि तुम्हाला येऊन सांगते."

"नक्की?"

"नक्की."

शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांना वाटलं, आपल्याच गळ्यात आपण धोंडा बांधला.

२

आधी त्या स्कॅनवाल्याकडे गेल्या. स्कॅन मशीन चालवणारा हा माणूस म्हणजे डॉक्टरसाहेबांचा सख्खा धाकटा भाऊ. आई-वडील लवकर गेले, थोरल्याने धाकट्याला वाढवलं, शिकवलं, मार्गाला लावलं. दोघं एकाच डब्यात जेवायचे.

"पेशंट टेबलावरून उतरायच्या आत मी फोटो वर पाठवले," तो म्हणाला. बोलताना हातातल्या पेनाचं टोपण काढत होता, लावत होता.

"पोचल्याचं तुला दिसतं?"

"गेल्याचं दिसतं, पोचल्याचं नाही. पत्र पेटीत टाकल्यासारखं आहे हे. पुढे पोस्टमन जाणे."

"वरच्या कॉम्प्युटरवर पोचल्याची वेळ?"

"जुनं सॉफ्टवेअर आहे, वायरबाई. फोटो कधी काढला तेवढं सांगतं. कधी पोचला ते त्याच्या गावी नाही."

म्हणजे तोंडच्या शब्दावरच सगळं. एक म्हणतो पाठवले, दुसरा म्हणतो मिळाले नाहीत, आणि मध्ये मुकी वायर.

तातडीच्या विभागात त्या दिवशी ड्यूटीवर असलेली सिस्टर इंजेक्शनं मांडत होती. मान वर न करता बोलली, "मी पुन्हा पुन्हा फोन केला वर. पेंटरची बडबड कमी होत चालली होती ना, मला बघवेना. पहिल्यांदा साहेब म्हणाले, 'थांब, नीट दिसत नाहीये.' मग म्हणाले, 'थांब, बघतोय.' नंतर एकदम म्हणाले, 'रक्तस्राव आहे, सर्जनला बोलाव.' फोटो आलेच नव्हते हे मला दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांकडून कळलं."

"साहेब तेव्हा तसं म्हणाले नाहीत?"

सिस्टरचा हात थांबला. "नाही बाई," ती सावकाश म्हणाली. "तेव्हा नाही म्हणाले."

जिन्यात डॉक्टरसाहेब समोरून येताना दिसले. वायरबाईंनी हात जोडले. साहेब बघून न बघितल्यासारखे पुढे गेले. वायरबाईंना वाटलं, रागावलेत. का नाही रागावणार?

"साहेब," त्यांनी हाक मारली.

आवाज ऐकताच ते वळले, चेहरा उजळला. "अरे, वायरबाई तुम्ही! माझा कॉम्प्युटर तपासायचाय ना? खोली उघडीच आहे. मी खाली जाऊन येतो." आणि कठडा धरून, एकेक पायरी पायाने चाचपत ते उतरू लागले.

वय झालं, वायरबाईंना वाटलं. आणि आपल्यामुळे या वयात त्यांच्या नावाला बट्टा लागतोय.

३

साहेबांच्या खोलीत भर सकाळी पडदे ओढलेले होते. वायरबाईंनी कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडली. वेग मोजायची त्यांची रीत साधी होती. एका कॉम्प्युटरला आज्ञा द्यायची, तू ऐकत बस. दुसऱ्याला सांगायचं, तू माहिती ओत, जमेल तितकी, धबाधबा. दोघांच्या मधल्या वाटेवरून खरोखर किती वाहून जातं त्याचा आकडा शेवटी पडद्यावर येतो. इंटरनेट नाही, बाहेरचं कोणी नाही. या दोघांत काय ते.

वरचा कॉम्प्युटर ऐकायला बसवून त्या खाली आल्या. आपला लॅपटॉप स्कॅन मशीनच्या वायरला लावला आणि ओतायची आज्ञा दिली. ही लाइन घातली तेव्हा आकडा नऊशे चाळीसच्या आसपास यायचा. नवीन स्कॅन मशीन आलं तेव्हाही त्यांनी मोजला होता, तेव्हाही तोच.

ओळी सरकल्या. शेवटचा आकडा आला.

चौऱ्याण्णव.

पुन्हा मोजला. चौऱ्याण्णव. उलट दिशेने मोजला, वरून खाली. चौऱ्याण्णवच.

"वेग एक दशांश!" मागे येऊन उभे राहिलेले मॅनेजरसाहेब जवळजवळ आनंदाने म्हणाले. "सांगितलं होतं ना? चला, लिहून टाका. आणि बाई, मनाला लावून घेऊ नका. वायरला काही नातेवाईक नसतात. तिच्यावर ढकललं की कोणाचं घर मोडत नाही."

वायरबाई भिंतीला टेकल्या. फाटकापाशी काय सांगायचं? हो, माझ्याच वायरीने. तक्रार आली होती, मी गेले नाही.

पेन हातात घेतलं. आणि तसंच धरून राहिल्या.

"साहेब, एक काम करू. एक खरा स्कॅन पाठवून बघू."

"आता कशाला? आकडा आला की!"

"आकडा आला. पाऊण तास अजून आला नाही."

स्कॅनवाल्याने सरावासाठी ठेवलेला एक जुना डोक्याचा स्कॅन काढला. वायरबाई वर जाऊन साहेबांच्या कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि फोनवर म्हणाल्या, "सोड." पडदा रिकामा. टेबलावरच्या तांब्यातून त्यांनी भांड्यात पाणी ओतलं. पडदा रिकामा. पाणी प्यायल्या, भांडं खाली ठेवलं, आणि सगळेच्या सगळे फोटो एकदम समोर उभे राहिले. लखलखीत. कवटीची रेघन् रेघ दिसत होती.

एक भांडं पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. लंगडी झालेली वायरसुद्धा एवढ्यात पोचवत होती. एरवी तीन सेकंदांत होणारं काम अर्ध्या मिनिटात झालं, इतकंच. दहापट हळू म्हणजे काही पाऊण तास नव्हे.

म्हणजे वायर आजारी होती, पण खुनी नव्हती. मग त्या पाऊण तासात काय झालं होतं?

४

आधी आजार कुठे आहे ते शोधायचं होतं. वायरबाईंनी वाटेचे तुकडे पाडले. तळमजल्यापासून मधल्या बोळातल्या कपाटापर्यंत मोजलं, नऊशे एक्केचाळीस. कपाटापासून साहेबांच्या खोलीतल्या भिंतीतल्या खाचेपर्यंत, स्वतःचे दोन लॅपटॉप लावून, नऊशे चाळीस. उरली फक्त भिंतीपासून कॉम्प्युटरपर्यंतची वीतभर वायर.

टेबल सरकवलं. वायरबाई गुडघ्यांवर बसल्या आणि बघतच राहिल्या.

वायर राखाडी होती.

त्यांच्या वायरी निळ्या. सगळ्या हॉस्पिटलात निळ्या. राखाडी वायर त्यांनी उपसून हातात घेतली, टोकाचा पारदर्शक प्लग उजेडात धरला. आठ खाचा, पण आत तारा चारच. जुन्या काळची, स्वस्तातली. चालते, पण एक दशांश वेगानेच. टेबलामागच्या सगळ्या वायरींवर धुळीची गोधडी पसरलेली होती. ही मात्र न्हाऊन आल्यासारखी स्वच्छ.

कोणीतरी निळी काढून ही लावली होती. आणि नुकतीच. वेग मोजला तर कमी दिसावा म्हणून.

वायरबाईंच्या अंगावरून ओझं उतरायला हवं होतं. उतरलं नाही. कारण हे करणारा परका नव्हता. मोजायला येणार हे फक्त मॅनेजरसाहेबांना, त्या दोघा भावांना आणि स्वतः वायरबाईंनाच ठाऊक होतं.

त्या खाली गेल्या आणि काहीही न बोलता राखाडी वायर स्कॅनवाल्याच्या समोर ठेवली.

त्याच्या हातातलं टोपण पडलं.

"जुन्या एक्स-रे मशीनची आहे ना रे ही?"

"हो." तो भडाभडा बोलू लागला, "मीच लावली, वायरबाई. फोटो पाठवायला मीच विसरलो त्या दिवशी. नंतर लक्षात आलं. घाबरलो. तुम्ही येणार कळलं आणि ही लावून टाकली. दादाचा काही संबंध नाही. मला पोलिसात द्या."

"कुठे लावलीस?"

"अं?"

"कुठे लावलीस म्हणते मी. कुठल्या टोकाला?"

त्याची नजर भिरभिरली. "इथेच. माझ्या मशीनच्या मागे."

वायरबाईंनी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसल्या.

"बाळा," त्या म्हणाल्या, "ती वर होती."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

५

डॉक्टरसाहेब खोलीत परतले होते. पडद्यांच्या अंधारात बसले होते. दारात वायरबाई आणि त्यांच्या मागे भाऊ.

"कोण?" त्यांनी विचारलं.

वायरबाईंच्या मनात तो एक शब्द कुलपातल्या किल्लीसारखा फिरला.

"मी वायरबाई. तुमचा भाऊ पण आहे." त्या आत आल्या. "साहेब, मी बोलते, चुकलं तर थांबवा. फोटो त्या दिवशी वेळेवर आले होते. तेव्हा लाइनवर निळी वायर होती, डोळा मिटून उघडेपर्यंत आले असतील. तुम्ही सिस्टरला फोनवर काय म्हणालात? 'आले नाहीत' नाही म्हणालात. 'नीट दिसत नाहीये' म्हणालात. समोर असल्याशिवाय कोणी असं म्हणत नाही."

साहेबांनी मान खाली घातली.

"आणि त्याआधी तुम्ही मला फोन केला होता. फोटो अंधुक येतात म्हणून. साहेब, वायरवरून फोटो हळू येतो, उशिरा येतो, येतच नाही. पण अंधुक कधी येत नाही. निम्मा कागद पोचेल, पण अक्षर पुसट होऊन नाही पोचत. आज ती राखाडी वायर लावलेली असतानाही तुमच्या पडद्यावर फोटो काचेसारखा स्वच्छ होता." त्यांचा आवाज खाली आला. "जिन्यात मी हात जोडले, तुम्हाला दिसले नाहीत. हाक मारली तेव्हा ओळखलंत. वायर ठीक आहे, साहेब. अंधुक दुसरंच काहीतरी आहे."

बोळात कोणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उभा जन्म लोकांच्या डोक्यांत डोकावलो," ते म्हणाले. "आधी कडा गेल्या. मग मधोमध एक धुकं बसलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो नाही. गेलो असतो तर त्याने खरं सांगितलं असतं." त्यांनी टेबलावर हात पसरले. "त्या दिवशी फोटो समोर होते. मला दिसेना. दिवे घालवले, पडदे ओढले, फोटो मोठा केला, चष्मा पुसला, दुसरा चष्मा लावला. काहीतरी आहे असं वाटत होतं, खात्री होईना. शेजारच्या गावातल्या डॉक्टरला फोटो पाठवून विचारता आलं असतं. एक फोन करायचा होता, वायरबाई. एक. 'मला दिसत नाही, तू बघ.' हे पाच शब्द तोंडातून निघेनात. पाऊण तास मी त्या फोटोसमोर बसून होतो. शेवटी नाक पडद्याला टेकवलं तेव्हा सापडलं."

"आणि वायर?"

"मॅनेजर विचारत आला, उशीर का झाला. तोंडून निघून गेलं, फोटो उशिरा आले. मग तुम्ही मोजायला येणार म्हणाला. ती जुनी वायर या खणात पडून होती. हा नेहमी सांगायचा, दादा ही लावू नकोस, दहापट हळू चालते. मला वाटलं, दहापट म्हणजे पुष्कळ झालं." ते कडवट हसले. "हिशेब केलाच नाही. घाबरलेला माणूस हिशेब करत नाही."

धाकटा पुढे झाला. "दादा, मी कबूल केलंय, माझ्यावर येऊ दे. तुझं नाव—"

"गप बस." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "एक माणूस गेला, आता तुलाही बळी देऊ?"

दारात मॅनेजरसाहेब कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. त्यांनी बरंचसं ऐकलं असावं. घाईने दार लावून घेतलं.

"हे बघा, हे चार भिंतींत राहू द्या. वायर सदोष होती, बदलली. साहेब तब्येतीच्या कारणाने निवृत्त. बाई, तुम्हाला यात बोल लागणार नाही याची मी काळजी घेतो."

वायरबाईंना मोह झाला नाही असं म्हणणं खोटं होईल. आपल्या अंगावर काही येत नव्हतं, म्हातारपणी एका भल्या माणसाची अब्रू वाचत होती. पण मनातल्या मनात त्यांना तो छतातला क्षण दिसत होता, तोंडात पकड आणि कानाला फोन. अंधुक येतात, असं एक माणूस सांगत होता. त्याच दिवशी त्या इथे येऊन उभ्या राहिल्या असत्या तर पडद्यावरचा लख्ख फोटो बघून त्यांना कळलं असतं, की मदत वायरीला नको आहे. साहेबांनी फोन केला होता. अडून अडून, वायरीचं नाव पुढे करून, पण केला होता. तो त्यांनी ऐकला नव्हता.

"माझ्या वायरीत दोष नव्हता, पण माझ्यात होता," त्या मॅनेजरसाहेबांना म्हणाल्या. "तो लिहून देते. वायरीचा नाही देणार. आणि त्या मुलीला मी शब्द दिलाय. आज सांगणार आहे."

"तुम्ही नाही सांगायचं," डॉक्टरसाहेब खुर्चीवरून उठत म्हणाले. "मला घेऊन चला."

६

पेंटरच्या बहिणीचं घर गल्लीच्या टोकाला होतं, एका खोलीचं. धाकट्या भावाचा हात धरून डॉक्टरसाहेब आत आले. वायरबाई उंबऱ्याशीच थांबल्या. बहिणीने कोणाला बसा म्हटलं नाही.

साहेब उभ्या उभ्या बोलले. पाऊण तास कुठे गेला ते सांगितलं, वायर बदलल्याचं सांगितलं, आपली नोकरी सोडल्याचं आणि चौकशीत हेच सगळं सांगणार असल्याचं सांगितलं. काहीही गाळलं नाही. वायरबाईंनी आपल्या वाट्याचं सांगितलं, त्या फोनबद्दल.

"लगेच कळलं असतं तर वाचला असता?" बहिणीने विचारलं.

"सर्जन म्हणतात, कदाचित." साहेब थांबले. "मला वाटतं, हो."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. धाकटा कुजबुजला, "दादा, चल आता." साहेब हलले नाहीत. बाहेर कोणीतरी नळाखाली बादली लावली, ती भरून वाहू लागली, बंद झाली.

मग ती वळली.

"तुम्ही मघापासून माझ्याशी बोलताय," ती म्हणाली. "तुम्हाला माझं तोंड दिसतंय का?"

"नाही," साहेब म्हणाले. "तू कुठे उभी आहेस तेवढं कळतं. चेहरा नाही दिसत."

तिने खोलीतली एकुलती एक खुर्ची खिडकीपाशी ओढली, त्यांच्या दंडाला धरून त्यांना तीत बसवलं. स्वतः समोर जमिनीवर बसली, उजेडात, आणि सरकत सरकत इतकी जवळ आली की तिचे गुडघे त्यांच्या पावलांना लागले. मान वर केली.

"आता?"

त्यांनी वाकून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"आता दिसतंय."

"मग आता सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."